स्वमदत गट कसा उभा करावा, आणि त्यात डॉक्टरांनी कुठे बसावं

पुण्यात दहा माणसं एका खोलीत जमली की पंधरा मिनिटांत त्यातला एक अध्यक्ष होतो, एक सूत्रसंचालक, एक आभारप्रदर्शनाच्या तयारीला लागतो आणि उरलेले सात श्रोते होतात. 1875 पासून वसंत व्याख्यानमाला चालवणाऱ्या गावाची ही सवय आहे आणि एरवी ती वाईटही नाही. स्वमदत गटाला मात्र ती बाधते. व्याख्यान ऐकून माणूस टिपणं घेऊन घरी जातो आणि जे सांगायला तो आला होता ते सांगायचं राहूनच जातं.

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सोशल वर्कर आहे. रुग्णांचे आणि नातेवाइकांचे गट सुरू होताना, वाढताना आणि आमच्यासारख्या तज्ज्ञांच्या अति प्रेमाने गुदमरतानाही पाहिले आहेत. पार्किन्सन्स, डिमेन्शिया, स्किझोफ्रेनिया, व्यसन, स्वमग्न मुलांचे पालक, विषय कोणताही असो, तज्ज्ञाची मदत नसेल तर गट सुरू होताना अडखळतो आणि तज्ज्ञ खुर्ची सोडत नसेल तर पुढे वाढत नाही. खालचं सगळं या दोन गोष्टी सांभाळण्याबद्दल आहे.

आधी ठरवा, नेमकं काय हवंय

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली म्हणजे समूह उपचार. तो प्रशिक्षित तज्ज्ञ घेतो, फी घेतो, नोंदी ठेवतो आणि जबाबदारीही त्याचीच असते. दुसरा आधारगट. हॉस्पिटल किंवा संस्था तो भरवते, सोशल वर्कर किंवा समुपदेशक बोलावतात, सभासद येऊन बोलतात. तिसरा स्वमदत गट, जिथे सभा सभासदांची असते आणि तज्ज्ञ पाहुणा.

तिन्ही उपयोगाच्या आहेत. गोंधळ होतो तो एक सांगून दुसरी चालवल्यावर. आपला गट कुठल्या प्रकारचा आहे हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: मॅडम महिनाभर रजेवर गेल्या तर सभा होईल का? होत नसेल तर तो आधारगट आहे. तसाच चालवायला हरकत नाही, फक्त त्याला सभासदांचा गट म्हणू नका.

या चळवळीचा जुना दाखला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. बॉब डॉक्टर होते खरे, पण त्या भेटीत ते डॉक्टर म्हणून बसले नव्हते. दोघंही दारू सुटत नसलेली माणसं होती आणि गाडी त्यावरच पुढे गेली. एएने पुढे बारा परंपरा, म्हणजे गट चालवण्याची बारा तत्त्वं, स्वीकारली. सभासदाने सभासदाला दिलेली मदत व्यावसायिक नसेल, तिचे पैसे घेतले जाणार नाहीत, असं त्यातली आठवी सांगते. कार्यालयीन कामाला पगारी माणूस ठेवायची मुभा तिथेच आहे. डॉक्टरांशी वैर असं त्यात काही नाही. सुरुवातीच्या काळात डॉ. सिल्कवर्थ यांच्यासारख्या डॉक्टरांनी रुग्ण पाठवले, पाठिंबा दिला, पण सभा चालवल्या नाहीत.

आधी दुसऱ्यांकडे जाऊन बसा

पुण्यात कोऱ्या पाटीने सुरुवात करायची गरज नाही. येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसं पुढे समुपदेशनाच्या कामात उभी राहिली. तज्ज्ञ आणि अनुभवी यांची सांगड इतक्या जवळून पाहायला मिळणारी ठिकाणं थोडी. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. एएच्या काही सभा खुल्या असतात, तिथे व्यसन नसलेल्यालाही बसता येतं. बंद सभेला मात्र जाऊ नका.

जाल तेव्हा फक्त बघा. खुर्च्या कशा मांडल्यात, पहिल्यांदा आलेल्या माणसाजवळ कोण जाऊन बसतं, कोणी रडलं तर बाकीचे काय करतात. इथल्या मंडळींकडून दोन शब्द उचला: शुभार्थी, म्हणजे ज्याला आजार आहे तो, आणि शुभंकर, म्हणजे त्याची काळजी घेणारा. मी पुढे हेच शब्द वापरते.

तुमच्या विषयाचा गट तुमच्या भागात आधीच असेल तर नवा काढण्याची घाई नको. वाघोलीहून कोथरूडला जाणं शुभंकराला अशक्य आहे, एवढं एक कारण नव्या गटासाठी पुरेसं आहे. 'त्यांचं आमचं पटत नाही' हे पुरेसं नाही.

सुरुवातीला तिघे

दोन शुभंकर किंवा शुभार्थी आणि एक तज्ज्ञ. सुरुवातीची कमिटी सात जणांची केली तर पहिले दोन महिने गटाच्या नावावर आणि लोगोवर जातात. दोघांपैकी एक तरी असा असावा ज्याच्या घरी आजार येऊन काही वर्षं झाली आहेत. ज्याच्या घरात निदान गेल्याच महिन्यात झालं त्याला स्वतःलाच आधार हवा असतो, त्याच्या गळ्यात समन्वयकाची माळ घालू नये.

तज्ज्ञ म्हणजे मोठं नाव नव्हे. ज्यांच्या ओपीडीत तीन तास थांबावं लागतं असे डॉक्टर तुमच्या गटाला वेळ कुठून देणार? त्यांच्याकडचा सोशल वर्कर, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक किंवा जवळपासचा जनरल प्रॅक्टिशनर जास्त उपयोगी पडतो. फोन उचलणारा माणूस शोधा.

कोणाला काय कळतं

पार्किन्सन्सचं उदाहरण घेऊ. शुभार्थीचे पाय दाराच्या उंबऱ्याशी जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. डॉक्टर याला फ्रीझिंग म्हणतील, कारण समजावतील. पण बाथरूमच्या दारासमोर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा आणि 'रेघ ओलांडा' म्हणा, किंवा 'एक-दोन-एक-दोन' मोजत पाऊल टाकायला लावा, हे समोरच्या खुर्चीतल्या काकू स्वतःच्या घरचा किस्सा सांगत सांगतात, तेव्हा ते लगेच पटतं. शर्टाच्या बटणांमागे वेल्क्रो लावणं, ताटाऐवजी खोलगट वाडगा देणं, 'लवकर आवरा' म्हटलं की हात आणखी थरथरतात, ही माहिती घराघरांत पडून असते. अशा अनुभवातून आलेल्या ज्ञानाला अभ्यासक थॉमसिना बोर्कमन यांनी 1976 साली तज्ज्ञांच्या ज्ञानाच्या बरोबरीने वेगळी जागा दिली.

आता दुसरी बाजू. त्याच सभेत कोणी म्हणालं, 'आम्ही ती गोळी बंद करून बघितली, काही फरक पडला नाही', तर ते ऐकून घरी कोणी लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, एकदम थांबवेल. त्यातून ताप, कमालीचा ताठरपणा, भ्रम असं जिवावरचं संकट येऊ शकतं. हळूहळू विरघळणारी गोळी तोडून देऊ नये, प्रथिनं असलेल्या जेवणाने काहींच्या औषधाचा परिणाम कमी होतो, हे सांगणं आणि त्याप्रमाणे वेळा बदलणं डॉक्टरांचं काम.

रेघा काकूंनी सांगाव्यात, गोळी डॉक्टरांनी. गटात भांडणं होतात ती बहुधा ही सीमा पुसली की.

तज्ज्ञाबरोबर एक पानाचा करार

कायदेशीर कागद नको, पण लिहून घ्या. तोंडी ठरलेलं सहा महिन्यांत दोघांना वेगवेगळं आठवतं. तज्ज्ञ काय करेल: आपल्याकडच्या नव्या रुग्णांना गटाबद्दल सांगेल, वाटायच्या माहितीपत्रकातली वैद्यकीय माहिती तपासेल, तीन महिन्यांतून एकदा शंकासमाधानाला येईल, अडचणीच्या वेळी फोनवर असेल, समन्वयकाला ऐकून घेण्याचं आणि धोका ओळखण्याचं प्रशिक्षण देईल. काय करणार नाही: अध्यक्ष होणार नाही, सुरुवातीचं वर्ष सोडलं तर दर सभेला बसणार नाही, सभेत कोणाच्या औषधावर मत देणार नाही, गटातून स्वतःच्या दवाखान्यासाठी रुग्ण गोळा करणार नाही, सभासदांनी बोललेलं केस म्हणून कुठे मांडणार नाही.

'माझ्या रुग्णांना उलटसुलट सल्ले मिळतील' ही डॉक्टरांची भीती खरी असते, ती उडवून लावू नका. औषधाबद्दलचा तुमचा नियम लेखी दाखवा आणि एखाद्या सभेला पाठीमागच्या खुर्चीवर येऊन बसायला सांगा. बऱ्याच डॉक्टरांना तिथे पहिल्यांदा कळतं की आपला रुग्ण घरी कसा जगतो. ओपीडीत सहा मिनिटांत कोण सांगणार?

औषध कंपनीने हॉल आणि जेवण देऊ केलं तर नम्रपणे नको म्हणा. पहिल्या वर्षी बॅनर लागतो, दुसऱ्या वर्षी वक्ता कंपनी ठरवते.

जागा आणि वेळ

तळमजला, किंवा चालणारी लिफ्ट. कमोड असलेलं स्वच्छतागृह, आणि ते स्वतः जाऊन बघा, फोनवर 'हो, आहे' म्हणतात. रिक्षा दारापर्यंत येते का, पीएमपीचा थांबा किती लांब. वाचनालयाची खोली, ज्येष्ठ नागरिक संघाची जागा, शाळेचा वर्ग दुपारनंतर बऱ्याचदा फुकट किंवा नाममात्र भाड्यात मिळतो. हॉस्पिटलमधली खोली सोयीची, पण तिथे सभासद पेशंट होऊन बसतात आणि फलक हॉस्पिटलचा राहतो. देवळाचा हॉल स्वस्त असतो, पण सगळ्या धर्मांचे लोक तिथे मोकळेपणाने येतील का, हे आधी विचारा.

दिवस पक्का: महिन्याचा दुसरा गुरुवार म्हणजे दुसरा गुरुवार. वेळ चार ते साडेपाच. एक ते चार या वेळेबद्दल पुण्यात बोलायला नको. आणि सहानंतर शुभंकराला स्वयंपाकाचे वेध लागतात. पेठेत जागा असेल तर गणपतीच्या दिवसांतली आणि पालख्या मुक्कामाला असतानाची सभा आधीच दुसरीकडे हलवा. शुभंकर सभेला आला तर घरी शुभार्थीपाशी कोण, हा प्रश्न सगळ्यात मोठा असतो. शक्य असेल तर शेजारच्या खोलीत शुभार्थींसाठी हलका व्यायाम किंवा गाणी ठेवा, म्हणजे दोघंही येतील आणि वेगवेगळे बोलू शकतील.

पहिली सभा

टेबल बाहेर काढा. स्टेज असेल तर त्याकडे पाठ करून खुर्च्या गोल मांडा. माइक नको, दीपप्रज्वलन नको, शाल-श्रीफळ तर नकोच. पाण्याचा जग, पेले, कागदी रुमाल एवढं बास, चहा शेवटी. लोक खरं बोलतात ते चहाच्या वेळी उभ्याउभ्या, म्हणून चहाला वीस मिनिटं ठेवा.

समन्वयक आधी स्वतःचं सांगतो, तीन मिनिटांत: घरी कोण आजारी, किती वर्षं, सध्या काय जड जातंय. मग नियम वाचून दाखवतो. मग वर्तुळ फिरतं. कोणाला बोलायचं नसेल तर 'आज नुसती ऐकते' म्हणायची मुभा. एकदा एका गटात एक गृहस्थ बराच वेळ सरकारी योजनांवर बोलत होते. समन्वयक बाईंनी त्यांना थांबवलं नाही, फक्त विचारलं, 'काका, रात्री तुम्ही झोपता किती वाजता?' काका थांबले. मग म्हणाले, 'ती झोपली की.' पुढची दहा मिनिटं शेजारच्या दोघी त्यांना रात्रीच्या मदतनीस बाईबद्दल सांगत होत्या: किती पैसे, कुठून मिळाली, पहिले चार दिवस आपण जागं राहायचं. समन्वयकाचं कौशल्य म्हणतात ते हे, आणि त्याला पदवी लागत नाही.

नियम चारच ठेवा, मोठ्या अक्षरात. इथलं बोलणं इथेच. स्वतःबद्दल बोला, 'तुम्ही असं करायला हवं होतं' नको. औषध, डोस, डॉक्टर बदलणं यावर सल्ला नाही. विक्री आणि प्रचार नाही. पहिला नियम दरवेळी वाचा, कारण मानसिक आरोग्य कायदा 2017 गोपनीयतेचं बंधन घालतो ते उपचार करणाऱ्यांवर. शेजारी बसलेल्या सभासदाला बांधतो तो फक्त त्याने दिलेला शब्द. सोसायटीत, ऑफिसात, मुलांच्या लग्नाच्या बोलण्यांत ही बातमी काय करू शकते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

नेहमीचे चार प्रसंग

एकच माणूस बोलत राहिला तर 'तुमचं अजून ऐकायचंय, चहाच्या वेळी बसू' म्हणा आणि खरंच बसा.

कोणी रडलं तर रुमाल पुढे सरकवा आणि गप्प राहा. 'रडू नका, सगळं ठीक होईल' हे रडणाऱ्यापेक्षा आपल्या सोयीसाठी असतं.

'माझ्या मुलाला हीच गोळी चालू आहे, वजन वाढलंय, कमी करू का?' असं विचारलं गेलं तर वजन वाढल्यावर आपण घरी काय केलं हे सभासदांनी जरूर सांगावं. गोळीचा प्रश्न मात्र कागदावर लिहून घ्या आणि तो डॉक्टरांना कसा विचारायचा याची तयारी तिथेच करून द्या: केव्हापासून, किती किलो, इतर काय त्रास. मला विचाराल तर गटाने शिकवायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच, डॉक्टरांपुढे नीट प्रश्न विचारणं.

हमखास बरं करणारी पावडर घेऊन कोणीतरी येतंच, बहुधा मनापासून. त्यांना बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत अपमान केला तर ते जातात आणि सोबत दोन जणांना नेतात.

व्हॉट्सॲप गटाचं थोडक्यात: फक्त सभेची सूचना आणि सभासदांचे प्रश्न. सुप्रभात, फॉरवर्ड, रिपोर्टचे फोटो बंद. दोन ॲडमिन, त्यात तज्ज्ञ नको, नाहीतर रात्री अकराला त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा सुरू होते.

कोणी जीव देण्याचं बोललं तर

इथे मात्र गटाने एकट्याने ओझं घेऊ नये. 'आता नको वाटतं हे सगळं' असं कोणी म्हणालं तर विषय बदलू नका. सभेनंतर बाजूला घेऊन सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? कसं, केव्हा, असं काही ठरवलंय का? विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, औषधं आणि कीटकनाशकं त्याच्या हाताशी राहणार नाहीत असं बघा आणि तज्ज्ञाला तिथूनच फोन लावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही मिळते. धोका तातडीचा असेल तर 112 किंवा थेट जवळच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी. 'इथलं बोलणं इथेच' या नियमाला हा अपवाद आहे, आणि तो पहिल्या सभेतच सांगून ठेवायचा असतो. घरात मारहाण होत असेल तरी तज्ज्ञाला विचारा, सभेत तडजोडी घडवून आणू नका.

असा प्रसंग गेल्यावर समन्वयकालाही कोणाशी तरी बोलावं लागतं. करारातल्या तज्ज्ञाचा त्या आठवड्यातला अर्धा तास त्याच्यासाठी राखून ठेवा.

पैसे आणि नोंदणी

पहिलं वर्ष डबा फिरवून भागतं. हिशोब वहीत, दर सभेला वाचून. देणग्या येऊ लागल्या, बँकेत खातं हवं झालं, तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा. त्याला किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून होते. दरवर्षी ऑडिट आणि कार्यकारिणी बदलली की बदलअर्ज करायची तयारी नसेल तर नोंदणी करू नका. नोंदणी नाही म्हणून गट कमी प्रतीचा होत नाही.

नोंदणीपेक्षा कामाची गोष्ट म्हणजे कागदपत्रांतली मदत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन्सही आहे आणि मानसिक आजारही. त्याचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढताना कुठली खिडकी, कोणती झेरॉक्स, किती वाजता रांग लावायची, हे नुकतंच काढून आलेला सभासदच नीट सांगतो. अशा दोघांची नावं फलकावर लिहा.

तज्ज्ञांसाठी, म्हणजे आमच्यासाठी

पहिल्या तीन महिन्यांत वर्तुळात समन्वयकाच्या शेजारी बसा. नंतर समोरच्या बाजूला. सहाव्या महिन्यानंतर दाराजवळ, आणि वर्षभरात फक्त बोलावलं तर. समोर बसलात तरी प्रश्न तुमच्याकडेच येतील; ते वर्तुळात परत ढकला: 'हे कोणाच्या घरी झालंय का?' उत्तर चुकीचं आलं आणि त्याने कोणाला इजा होणार नसेल तर बोलू नका. हे फार अवघड जातं. आम्हाला पगारच उत्तरं देण्याचा मिळतो.

गटाच्या अहवालात 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असं लिहू नका. रुग्णाला गटाकडे पाठवणं म्हणजे उपचार संपवणं नव्हे, हेही रुग्णाला स्पष्ट सांगा. आणि मदत घेणाऱ्यालाच मदत करू द्या. फ्रँक रीसमन यांनी 1965 सालीच मांडलं की मदत करणाऱ्याला त्या मदतीतून स्वतःलाही बरं व्हायला हातभार लागतो. नव्या माणसाला आम्ही सगळं समजावून सांगितलं की जुन्या सभासदाची ती संधी आम्हीच घेतलेली असते.

उपस्थिती घटली की

घटतेच, विशेषतः पावसाळ्यात. चौघं आले तरी सभा घ्या, रद्द केली की पुढच्या वेळी दोघं येतात. सलग तीन सभांना न आलेल्याला समन्वयकाने फोन करावा आणि 'का आला नाहीत' याऐवजी 'घरी कसं चाललंय' असं विचारावं. काही जण बरे झाले म्हणून येत नाहीत, काही आजार वाढला म्हणून, काही एखाद्याच्या बोलण्याने दुखावले म्हणून. तिसऱ्या प्रकाराची खबर समन्वयकाला लागलीच पाहिजे. ज्या शुभंकराचा माणूस गेला त्याचं नाव यादीतून आपणहून काढू नका. त्याला वर्षभर फक्त सभेची सूचना जाऊ द्या आणि कुठलंही काम सांगू नका. त्यानंतर तो स्वतःहून आला तर पुढच्या समन्वयकाच्या यादीत त्याचं नाव घालायला हरकत नाही.